कोणत्या सर्व्हरमध्ये कोणता कंट्रोलर: मोजणीच्या प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळीचा चेंज फ्रीझ (सणाच्या दिवसांत सर्व्हरमध्ये काही बदलायचं नाही, हा नियम) आज उठला. ऑडिटची मेल फ्रीझच्या आधीपासून येऊन पडली होती: सगळ्या सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंट कंट्रोलरची आवृत्ती कळवा. मागणी एका ओळीची. आमच्या मालमत्ता नोंदीच्या एक्सेलमध्ये त्यासाठी एकच रकाना आहे. त्यात कुणी "४" लिहिलंय, कुणी "२.५५", कुणी "जेन९", आणि एका ठिकाणी नुसतं "लेटेस्ट". लिहिणारे सगळे आपापल्या परीनं बरोबरच आहेत, फक्त प्रत्येकानं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलंय.

टीममध्ये नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात: सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. ऑडिटनं विचारलेला रिमोट मॅनेजमेंट कंट्रोलर तो हाच. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी आणि बहुतेकदा नेटवर्क पोर्टही वेगळं. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लागलेली असेपर्यंत हा जागा असतो. मशीन चालू-बंद करणं, कन्सोल बघणं, पंखे आणि तापमान तपासणं हे सगळं त्याच्यातून होतं. एचपीईमध्ये त्याचं नाव आयलो, डेलमध्ये आयड्रॅक, लेनोव्होमध्ये एक्ससीसी, सिस्कोमध्ये सीआयएमसी. सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणून मोकळे होतात.

आजपासून तीन रकाने: सर्व्हरची पिढी, कंट्रोलरची पिढी आणि त्या कंट्रोलरवरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. जुना रकाना पुसायचा नाही, "पूर्वीची नोंद" म्हणून बाजूला ठेवायचा. जुळत नसेल तिथे बघायला उपयोगी पडेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

रॅककडे जाण्याआधी कागदावरचं काम. एचपीपासून सुरुवात, कारण आमच्याकडे तीच मशीनं जास्त.

जी५ आणि जी६ मध्ये आयलो २, जी७ मध्ये आयलो ३. जेन८ आणि जेन९ दोन्हींत आयलो ४. जेन१० आणि जेन१० प्लसमध्ये आयलो ५, जेन११ मध्ये आयलो ६, जेन१२ मध्ये आयलो ७. "जी७" नंतर "जेन८" अशी लिहिण्याची पद्धतही बदलली, त्यामुळे एक्सेलमध्ये "जी९" शोधलं की काहीच सापडत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीची विभागणी झाली आणि सर्व्हरचा धंदा एचपीईकडे गेला, म्हणून जेन९ च्या मशीनवर दोन्हींपैकी कुठलंही नाव दिसू शकतं. लोगोवरून पिढी ठरवायची नाही.

अपवादांची यादी वेगळी काढली, कारण घोळ तिथेच होतो. डीएल१६० जी६ आणि डीएल१८० जी६ या स्वस्त मशीनमध्ये आयलो २ नसून लाइट्स-आउट १०० आहे. नाव सारखं वाटलं तरी ते प्रकरण वेगळं. मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये आयलो ४ आहे, पण त्याच्या पुढच्या मायक्रोसर्व्हर जेन१० मध्ये, ज्यात एएमडीचा ऑप्टेरॉन एक्स३००० प्रोसेसर आहे, आयलो अजिबात नाही. जेन१० प्लसमध्ये आयलो ५ परत आला, पण त्याचं स्वतंत्र पोर्ट हवं असेल तर वेगळं किट घ्यावं लागतं. म्हणजे "जेन१० आहे, म्हणून आयलो ५" हा नियम ठोकून चालत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

डेल सोपं आहे, कारण मॉडेल नंबरच बोलतो. आर७१०, आर७२०, आर७३०, आर७४०: मधला आकडा पिढीचा. १ म्हणजे अकरावी, २ म्हणजे बारावी, असं आर७७० म्हणजे सतराव्या पिढीपर्यंत. चार आकडी मॉडेलमध्येही दुसरा आकडा पिढीचाच. आर७५२५ पंधरावी पिढी, शेवटचा ५ एएमडी प्रोसेसरसाठी.

कंट्रोलर मात्र पिढीच्या पावलावर पाऊल टाकत नाही. अकराव्या पिढीत आयड्रॅक६, बाराव्यात ७, तेराव्यात ८. मग आयड्रॅक९ चौदाव्या, पंधराव्या आणि सोळाव्या अशा तीन पिढ्यांत आला, आणि सतराव्यात आयड्रॅक१०. नुसतं "आयड्रॅक९" लिहिलं तर मशीन २०१७ चं की २०२३ चं, काही कळत नाही. पिढी आणि कंट्रोलर वेगळ्या रकान्यांत हवेत याचं याहून सोपं उदाहरण नाही.

आयबीएम-लेनोव्हो घराणं झटपट: एम२ आणि एम३ मध्ये आयएमएम, एम४ आणि एम५ मध्ये आयएमएम२, २०१७ पासूनच्या थिंकसिस्टममध्ये एक्ससीसी, व्ही३ मध्ये एक्ससीसी२. आयबीएमचा एक्स८६ सर्व्हरचा धंदा २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला, म्हणून एम५ वर कुणाचा बिल्ला आहे हा प्रश्नच गौण.

सुपरमायक्रोमध्ये एक्स९, एक्स१०, एक्स११ या बोर्डांच्या पिढ्या. कंट्रोलरला वेगळं नाव नाही, तिथे चिप बघावी लागणार. ते पुढच्या आठवड्यात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज नेटवर्कवरून विचारपूस. नियम असा ठरवला: पहिल्या फेरीत लॉगिन वापरायचं नाही. लॉगिन न करता कंट्रोलर स्वतःबद्दल किती सांगतो, हे मोजणीसाठी उपयोगाचं आहे आणि सुरक्षेसाठीही. आपल्याला जे दिसतं ते त्या नेटवर्कवर घुसलेल्या कुणालाही दिसणार.

पहिला प्रश्न रेडफिशला, म्हणजे कंट्रोलरला वेबवरून माहिती विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीला. २०१५ मध्ये डीएमटीएफ या उद्योग संघटनेनं हे मानक आणलं. त्याचा मूळ पत्ता लॉगिनशिवाय उघडतो, कारण मानकातच तसं म्हटलंय. आयलो ४ मध्ये २.३० पासून आणि आयड्रॅक ७ व ८ मध्ये २.३०.३०.३० पासून रेडफिश आहे. आयलोच्या उत्तरात निर्मात्याच्या खास भागात "आयलो ५" असा प्रकार आणि फर्मवेअरचा आकडा सरळ मिळतो. त्यात एक गंमत: आयलो ४ त्या भागाला अजून "एचपी" म्हणतो, आयलो ५ "एचपीई". कंपनीची वाटणी फर्मवेअरमध्येही उतरली आहे. आमची स्क्रिप्ट दोन्ही नावं तपासते. डेल लॉगिनशिवाय फर्मवेअर सांगत नाही, पण सर्व्हिस टॅग (डेलचा सिरीयल नंबर) देतो, आणि टॅग हाती आला की मॉडेल शोधणं सोपं. लॉगिन केल्यावर रेडफिशच्या "मॅनेजर" या नोंदीत मॉडेलपुढे "१४जी मोनोलिथिक" असं स्वच्छ लिहिलेलं दिसतं. पिढीचा रकाना तिथूनच भरता येतो.

दुसरा प्रश्न एचपीच्या जुन्या एक्सएमएलडेटा पानाला. रेडफिशच्या आधीपासूनची सोय आहे ही, आणि आयलो २ सुद्धा उत्तर देतो. एकाच पानात कंट्रोलरचं पूर्ण नाव, फर्मवेअर, सर्व्हरचं मॉडेल आणि सिरीयल नंबर. म्हणजे तिन्ही रकाने एका विनंतीत. कामाच्या दृष्टीनं इतकं चांगलं पान दुसरं नाही, आणि उघडं राहू नये असंही दुसरं नाही. सेटिंगमधून ते बंद करता येतं. मोजणी संपल्यावर बंद करणार, अशी नोंद करून ठेवली.

तिसरा आधार टीएलएस (सुरक्षित वेब जोडणी) प्रमाणपत्राचा. कुणी बदललं नसेल तर कारखान्यातून आलेल्या प्रमाणपत्रावरच बरंच काही लिहिलेलं असतं. आयड्रॅक६ चं मूळ प्रमाणपत्र आपलं नाव सांगतं. आयलोच्या प्रमाणपत्रात देणाऱ्याच्या नावातच "विश्वास ठेवू नका" अशी इंग्रजीतून तंबी आहे. इतका प्रामाणिक दाखला सरकारी कचेरीतही मिळायचा नाही.

अडचण जुन्या मशीनची. जुनं फर्मवेअर टीएलएस १.० च्या पुढे बोलत नाही, आणि ब्राउझरांनी २०२० पासून १.० आणि १.१ ला दार बंद केलंय. ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीची सुरक्षा पातळी शून्यावर आणून कर्ल (कमांडवरून वेब पत्ता उघडणारं साधन) चालवलं की ते बोलतात. हे फक्त मोजणीच्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर), आणि त्या व्हीएमला बाहेरचं नेटवर्क नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रेडफिश नाही आणि एक्सएमएलडेटाही नाही, अशांसाठी आयपीएमआय. कंट्रोलरशी बोलण्याचं १९९८ चं मानक, २.० आवृत्ती २००४ ची. जुनं असलं तरी सगळे निर्माते ते बोलतात, हा त्याचा मोठा गुण. आयपीएमआयटूलला कंट्रोलरची माहिती विचारली की निर्मात्याचा क्रमांक मिळतो: ११ म्हणजे एचपी, ६७४ डेल, २ आयबीएम, १९०४६ लेनोव्हो, १०८७६ सुपरमायक्रो.

फर्मवेअरच्या बाबतीत मात्र आयपीएमआय अर्धवट बोलतो. उत्तरात मुख्य आणि उप अशा दोनच भागांना ठरलेली जागा आहे. आयड्रॅकचा २.६५.६५.६५ तिथे २.६५ होऊन येतो. आयड्रॅक९ मध्ये तर पहिले दोन भाग सारखे आणि खरा फरक शेवटच्या भागात, असं सर्रास असतं. दोन वेगळी फर्मवेअर एकाच आकड्यानं उतरतील. म्हणून आयपीएमआयवरून आलेला आकडा एक्सेलमध्ये पिवळा: खरा, पण अपुरा.

नेटवर्कवरच्या आयपीएमआयबद्दल वेगळी टीप. २.० च्या लॉगिन पद्धतीतच असं आहे की वापरकर्त्याचं नाव बरोबर असलं तर पासवर्ड तपासण्याआधीच कंट्रोलर पासवर्डचा सॉल्ट घातलेला हॅश (त्याचं गुप्त केलेलं रूप) समोरच्याला देतो. सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१३-४७८६. हा दोष मानकाचाच, त्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. यूडीपी ६२३ (आयपीएमआयचं नेटवर्क पोर्ट) मॅनेजमेंट व्हीलॅनच्या, म्हणजे कंट्रोलरांसाठी वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कच्या, बाहेर दिसता कामा नये, आणि व्हीलॅनमध्येही गरज नसेल तिथे बंद.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्विचच्या पोर्टांना नवीन लेबलं लावली. बाकी काही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

काही कंट्रोलरांना आयपीच नाही, किंवा आहे पण कुणाला माहीत नाही. तिथे आतून विचारायचं, ऑपरेटिंग सिस्टिमकडून. लिनक्सवर आयपीएमआयटूल कर्नलच्या ड्रायव्हरमार्फत थेट बोलतो, नेटवर्क आणि पासवर्ड दोन्ही लागत नाहीत. कंट्रोलरचा आयपीही तिथेच मिळतो. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-पीसीएसव्हीडिव्हाइस हेच काम करतं. डीएमआयडीकोडमधून सर्व्हरचं मॉडेल. तीन आज्ञा, बहुतेक ओळी भरल्या.

आजची खरी कमाई वेगळी. आयपीएमआय ड्रायव्हर लोड न होणाऱ्या एका जुन्या मशीनवर नुसतं एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवलं, आणि लक्षात आलं की कंट्रोलरची ओळख व्हिडिओ कार्डातच आहे. सर्व्हरला मॉनिटर लावल्यावर जे चित्र दिसतं ते बीएमसीच्या चिपमधूनच येतं, कारण रिमोट कन्सोलला तेच चित्र पकडायचं असतं. त्यामुळे पीसीआयच्या यादीतलं व्हीजीए कार्ड म्हणजे बीएमसीच.

एचपीमध्ये आयलो ३ आणि ४ ला मॅट्रॉक्स जी२००ईएच दिसतं, आयलो ५ ला जी२००ईएच३. शिवाय आयलोचं स्वतःचं पीसीआय उपकरण असतं, त्याचा रिव्हिजन क्रमांक बघायचा: आमच्या जेन८ वर ०५, जेन९ वर ०६, जेन१० वर ०७. म्हणजे आयलो ४ एकच असला तरी जेन८ की जेन९ हे यावरून कळतं. जी५ च्या मशीनवर हेच उपकरण अजून कॉम्पॅकच्या नावानं उभं आहे. एचपीनं कॉम्पॅक घेतली २००२ मध्ये. त्या काळी व्हिडिओ बीएमसीत गेला नव्हता, तिथे एटीआयची ईएस१००० ही वेगळी चिप आहे, म्हणून व्हीजीएची युक्ती जी५ ला लागू नाही.

डेलमध्ये अकराव्या पिढीला जी२००ईडब्ल्यू, बाराव्या-तेराव्याला जी२००ईआर२, चौदाव्यापासून जी२००ईडब्ल्यू३. आयड्रॅक ७ आणि ८ यावरून वेगळे होत नाहीत, तिथे मॉडेल बघणं आलं.

सगळ्यात मजेदार आर७१०. त्याच्या व्हीजीएच्या नावापुढे डब्ल्यूपीसीएम४५० असं लिहिलेलं येतं, आणि शेजारच्या रॅकमधल्या सुपरमायक्रो एक्स९ वर अक्षरशः तीच ओळ. चिप तीच, फर्मवेअर वेगळं. वर एकावर आयड्रॅक६ चालतो, दुसऱ्यावर सुपरमायक्रोचं आयपीएमआय. एकट्या चिपवरून कंट्रोलर ठरवायचा नाही, निर्माता जोडीला हवाच.

एक्स१० पासून सुपरमायक्रो एस्पीडच्या चिपकडे वळला. लिनक्सचा एएसटी ड्रायव्हर पीसीआय रिव्हिजनवरूनच चिप ओळखतो, आपणही तसंच करायचं: ३० म्हणजे एएसटी२४००, ४१ म्हणजे एएसटी२५००, ५२ म्हणजे एएसटी२६००. एक्स११ मध्ये बोर्डागणिक २४०० किंवा २५००, त्यामुळे "एक्स११" एवढीच नोंद पुरत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लपलेल्यांचा शोध. सुपरमायक्रोच्या कंट्रोलरची मूळ सेटिंग "फेलओव्हर": स्वतंत्र पोर्टात केबल नसेल तर बीएमसी सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टावर जाऊन बसतो. आयलो आणि आयड्रॅकमध्येही पोर्ट वाटून घेण्याची सोय आहे. परिणाम असा की मॅनेजमेंटची केबल लावलेली नाही म्हणून "बीएमसी वापरात नाही" असं ज्या ओळींत लिहिलं होतं, त्यांतले काही कंट्रोलर ऑफिसच्या नेटवर्कवर डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) आयपी घेऊन आरामात बसलेले निघाले. सर्व्हरच्याच केबलवरून, फक्त मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा कारखान्यातला पत्ता) वेगळा.

डीएचसीपीच्या यादीत "आयड्रॅक" किंवा "आयलो" नं सुरू होणारी होस्टनावं शोधली की हे पटकन सापडतात, कारण मूळ नाव तसंच असतं आणि पुढे सर्व्हिस टॅग किंवा सिरीयल नंबर. सुपरमायक्रोसाठी स्विचवर एका पोर्टामागे दोन मॅक पत्ते कुठे दिसतात ते बघितलं. त्यांतल्या जुन्यांवर कारखान्याचा पासवर्ड तसाच होता. जानेवारी २०२० पासून सुपरमायक्रो प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड देतं, कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे. त्याआधीचे सगळे एकाच पासवर्डचे. एक्स९ च्या बाबतीत हे जास्त गंभीर, कारण त्याच्या जुन्या फर्मवेअरमध्ये ४९१५२ पोर्टावरून पासवर्डची फाइल साध्या अक्षरांत वाचता येते, हे २०१४ मध्येच जाहीर झालेलं आहे. हे सगळे आजच ऑफिसच्या नेटवर्कवरून काढले, ऑडिटची वाट बघितली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादी भरली, आता तिचा अर्थ लावायचा. टीममधल्या नव्या मुलानं फर्मवेअरचा रकाना उतरत्या क्रमानं लावला.

"सर, हा २.९२ वाला आयड्रॅक ८ च्या वर आलाय. म्हणजे हा जास्त अपडेटेड आहे ना?"

"अरे, त्याच्या शेजारचा रकाना वाच. आयड्रॅक६ आहे तो."

आयड्रॅक६ चं २.९२ आणि आयड्रॅक८ चं २.८५ यांची तुलनाच होत नाही. आयलो ५ २०१७ मध्ये १.१० पासून सुरू झाला, तेव्हा आयलो ४ दोनच्या पुढे पोचला होता. आयलो २ सुद्धा २.३३ पर्यंत गेला. सातवीतल्या मुलाचे ८२ गुण आणि दहावीतल्याचे ६५ एका यादीत लावून कोण हुशार ते ठरवल्यासारखं आहे हे. आता एक्सेल आधी कंट्रोलरवर गट करते, मग गटाच्या आत फर्मवेअर लावते. आकडे मजकूर म्हणून ठेवलेत, नाहीतर एक्सेल २.३० चं २.३ करून टाकतं.

धोक्याची तपासणीही गटानुसारच करता येते. सीव्हीई-२०१७-१२५४२: आयलो ४, २.५३ च्या आधीचं फर्मवेअर. कनेक्शन हेडरमध्ये "ए" हे अक्षर २९ वेळा पाठवलं की लॉगिनची गरजच उरत नाही. इतकं सोपं आहे म्हणून हे आधी. सीव्हीई-२०१८-१२०७: आयड्रॅक ७ आणि ८, २.५२.५२.५२ च्या आधीचं. दोन्ही वाक्यांत कंट्रोलरची पिढी आधी येते आणि आकडा नंतर. जुन्या एक्सेलवरून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

ऑडिटला हे याच वर्षी का सुचलं असावं, त्याचाही अंदाज येतो. सीव्हीई-२०२४-५४०८५ हा एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधला दोष अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेनं जून २०२५ मध्ये प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत टाकला. त्या यादीतला बीएमसीचा तो पहिलाच. मेगारॅक अनेक निर्मात्यांच्या बोर्डांवर त्यांच्या-त्यांच्या नावानं असतं. म्हणून असेंबल्ड सर्व्हरांसाठी "फर्मवेअर कुणाचं" असा आणखी एक रकाना वाढवला. आयलो आणि आयड्रॅक यात येत नाहीत.

लायसन्सचा रकानाही आजच घातला. ऑडिटनं मागितला नाही, पण रात्री दोनला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न "आयलो कुठला" हा नसतो, "कन्सोल मिळेल का" हा असतो. आयलो ॲडव्हान्स्ड नसेल तर बूट झाल्यावर कन्सोल नाही. आर७१० मध्ये आयड्रॅक६ एंटरप्राइज म्हणजे चक्क वेगळं कार्ड आहे, ते नसेल तर स्वतंत्र पोर्टच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

यादी ऑडिटला पाठवली. सोबत तीन गट: अपडेट करायचे, अपडेट मिळत नाहीत म्हणून वेगळ्या व्हीलॅनमध्ये बंद करायचे, आणि मशीनसकट निवृत्त करायचे. आयलो २ आणि आयड्रॅक६ दुसऱ्या गटात. त्यांचं शेवटचं फर्मवेअर टाकून आयपीएमआय बंद केलं, आणि त्यांच्यापर्यंत फक्त जम्प होस्टवरून (मधल्या एका ठरलेल्या संगणकावरून) पोचता येईल. निवृत्तीच्या गटावर खरेदी विभागाचं म्हणणं यायचं आहे, आणि ते मार्चच्या आत येईल असं मी धरलेलं नाही.

मोजणीची स्क्रिप्ट आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चालेल, आणि प्रत्येक कंट्रोलरचं मूळ उत्तर तारखेसह साठवेल. आयलोवरचं एक्सएमएलडेटा बंद केल्यामुळे तिथे केवळ वाचण्याची परवानगी असलेलं खातं काढलं. उरलेत ते फक्त रॅकच्या तळाचे डीएल१८० जी६: त्यांच्या लाइट्स-आउट १०० चा पासवर्ड कुणाकडेच नाही आणि वरची ऑपरेटिंग सिस्टिम बंद करायला परवानगी लागेल. शनिवारची डाउनटाइम मागितली आहे.